समाजमाध्यमांवर लेखांचे दुवे आपोआप टाकल्याने संकेतस्थळावर वाचक येतात का?

नभोवाचक (धागाकर्ता)

गेली चार वर्षे मी आकाशनिरीक्षणावर एक छोटे संकेतस्थळ चालवतो. लेख प्रकाशित झाला की त्याची वर्दी फेसबुक पान, एक्स, लिंक्डइन, मास्टोडॉन (अनेक स्वतंत्र सर्व्हरवर मिळून चालणारे समाजमाध्यम) आणि टेलिग्राम अशा पाच ठिकाणी आपोआप जावी, अशी व्यवस्था मी मागच्या वर्षी लावली. संकेतस्थळाच्या आरएसएस फीडवर, म्हणजे नव्या लेखांच्या यंत्राला वाचता येणाऱ्या यादीवर, एक सेवा लक्ष ठेवते आणि नवी नोंद दिसताच शीर्षक, लेखाचे पहिले वाक्य व दुवा उचलून पाचही खात्यांवर टाकते. हे सगळे लावायला एक संध्याकाळ पुरली आणि त्यानंतर वर्षभर मी तिकडे वळूनही पाहिले नाही.

आता वळून पाहिले तेव्हा चित्र फारसे बरे दिसले नाही. पाचही खाती लेखांच्या वर्दीने भरलेली आहेत, परंतु संकेतस्थळावर येणारे वाचक पूर्वीप्रमाणेच मुख्यतः शोधयंत्रांतून येतात. समाजमाध्यमांतून येणारे अगदी थोडे, आणि त्यांतलेही बहुतेक टेलिग्रामवरून, जिथे माझे अनुयायी सर्वांत कमी आहेत. फेसबुकच्या पानावर अनुयायी कितीतरी अधिक असून तिथून जवळजवळ कोणीच येत नाही.

माझी व्यवस्था चुकली आहे, की अशा व्यवस्थेकडून वाचकांची अपेक्षा करणेच चुकीचे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. आपोआप दुवे टाकण्याचे काम बंद करून तो वेळ लेखनाला द्यावा असेही मनात येते, पण मुळात त्या कामाला माझा वेळ जातच नाही, त्यामुळे बंद करून हाती काय लागेल हेही कळत नाही.

जुनाजाणता

आपला प्रश्न वाचून प्रथम एवढेच सांगावेसे वाटते की दुवे आपोआप वाहून नेणारी ही नळयोजना आज जितकी तोकडी वाटते तितकी ती पूर्वी नव्हती. २०१० नंतरच्या काही वर्षांत अशा सेवा निघाल्या तेव्हा समाजमाध्यमे स्वतःच बाहेरच्या प्रणालींना दारे उघडी ठेवत होती, कारण त्यांना मजकूर हवा होता. मजकुराचा तुटवडा संपला तशी दारे एकामागून एक लोटली गेली.

फेसबुकने १ ऑगस्ट २०१८ पासून बाह्य प्रणालींना वैयक्तिक खात्यावर परस्पर मजकूर टाकण्यास बंदी केली. तेव्हापासून स्वयंचलित वर्दी जाते ती फक्त ‘पानां’वर, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत फेसबुकने मित्र-आप्तांच्या नोंदींना प्राधान्य देऊन पानांच्या नोंदी मागे ढकलण्याचे धोरण जाहीर केले होते. म्हणजे एका बाजूने आपल्याला पानाकडे हाकलले आणि दुसऱ्या बाजूने पानाचा आवाज कमी केला. आपल्या फेसबुकवरील अनुभवाचे मोठे कारण मला इथेच दिसते.

ट्विटरने २०२३ मध्ये आपल्या प्रणालीचा मोफत वापर आखडता घेतला. मोफत श्रेणीत महिन्याला १,५०० नोंदी टाकण्याची मुभा राहिली आणि त्यावरच्या श्रेणीसाठी महिना १०० डॉलर मोजावे लागू लागले. एका संकेतस्थळाला १,५०० नोंदी पुष्कळ होतात, पण हजारो संकेतस्थळांची वर्दी वाहून नेणाऱ्या सेवांचा हिशेब कोलमडला. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीला जोडल्या जाणाऱ्या जेटपॅकने त्याच वर्षी ट्विटरची जोडणी काढून टाकली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, फेसबुक, इन्स्टाग्राम, मास्टोडॉन यांच्या प्रसारासाठी दुवे देण्यावरच ट्विटरने बंदी घातली होती आणि टीका झाल्यावर ती तातडीने मागे घेतली. बंदी टिकली नाही, पण आपल्या अंगणातून वाचक बाहेर जाऊ नये ही मालकाची इच्छा त्या निमित्ताने उघडी पडली.

म्हणून व्यवस्था लावावी, मात्र ती कोणाच्या जागेवर उभी आहे याचे भान ठेवावे. टेलिग्रामकडून आपल्याकडे वाचक येतात याचे मला आश्चर्य वाटत नाही. तिथे चॅनलची नोंद सदस्याला थेट मिळते, मध्ये क्रम लावणारा अल्गोरिदम बसलेला नाही, आणि यंत्राद्वारे नोंदी टाकण्याची सोय २०१५ पासून अधिकृतपणे उपलब्ध आहे.

आकडेमोड

वरील इतिहासाशी सहमत आहे, तथापि ‘वाचक येत नाहीत’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी मोजमाप तपासावे, असे सुचवतो. स्वयंचलित वर्दीच्या बाबतीत आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात.

एका बाजूने ते कमी दिसतात. दुव्यावर क्लिक करून आलेला वाचक कुठून आला हे ब्राउझर ज्या संदर्भावरून सांगतो, तो संदर्भ अनेकदा वाटेतच गळतो. मोबाइलवरील उपयोजनातून उघडलेले, खासगी संदेशातून पुढे पाठवलेले, किंवा दुवा देणाऱ्या स्थळाने संदर्भ मुद्दाम झाकलेले वाचक ‘थेट आले’ या रकान्यात जाऊन बसतात. लेखाचा पत्ता कोणी हाताने टाइप करीत नाही. तेव्हा मुखपृष्ठ सोडून आतल्या एखाद्या लांबलचक पत्त्यावर ‘थेट’ वाचकांची गर्दी दिसली, तर ते लोक कोणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून आले आहेत हे उघड आहे.

यावरचा उपाय जुना आहे. दुव्याच्या शेवटी यूटीएमची शेपटी लावावी, म्हणजे स्रोत, माध्यम आणि मोहीम ही तीन नावे पत्त्यातच जातात. (यूटीएममधील ‘यू’ म्हणजे अर्चिन. त्या नावाची कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्यातूनच गूगल अ‍ॅनालिटिक्स उभे राहिले.) स्वयंचलित सेवांमध्ये ही शेपटी प्रत्येक माध्यमासाठी वेगळी लावता येते. हे काम यंत्रानेच करावे, कारण हाताने करताना एकदा ‘फेसबुक’ आणि एकदा ‘एफबी’ असे लिहिले जाते आणि मग एकाच माध्यमाचे दोन हिशेब तयार होतात. शेपटी लावलेले पत्ते शोधयंत्राला निरनिराळी पाने वाटू नयेत यासाठी पानाच्या शीर्षभागात कॅनॉनिकल दुवा, म्हणजे मूळ पत्ता कोणता हे शोधयंत्राला सांगणारी नोंद, असावा. ही सोय शोधयंत्रांनी २००९ पासून दिलेली आहे आणि बहुतेक प्रणाली ती आपोआप लावतात, पण एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दुसऱ्या बाजूने आकडे फुगतात. दुवा टाकताच त्याचे चित्र-शीर्षकाचे कार्ड बनवण्यासाठी माध्यमांची यंत्रे आपले पान वाचून जातात. मास्टोडॉनवर तर ज्या ज्या सर्व्हरवर आपली नोंद पोचते तो प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे पान मागतो, त्यामुळे नोंद टाकल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत छोट्या संकेतस्थळावर मागण्यांचा लोंढा येतो. आपण सर्व्हरच्या नोंदवहीवरून मोजत असाल तर हे सगळे ‘वाचक’ म्हणून धरले जातील. मी स्वतः पहिले काही महिने या लोंढ्यावर खूश होतो.

आपण मोजता कशावरून?

नभोवाचक

आपण विचारल्यावर तपासले. मोजमाप ब्राउझरमधील संहितेवरून होते, म्हणजे यंत्रांचा लोंढा त्यात नसावा. यूटीएम मात्र फक्त टेलिग्रामच्या दुव्याला लावलेले निघाले, कारण त्या सेवेत तो रकाना आधीपासून भरलेला होता आणि बाकी चार ठिकाणी मी तो रिकामा सोडला होता. ‘थेट’ रकान्यात आतल्या लेखांवर आलेले वाचक खरोखरच पुष्कळ आहेत. टेलिग्राम जिंकल्यासारखे दिसण्याचे निम्मे कारण हेच असावे, अशी शंका येऊ लागली आहे. चारही ठिकाणी शेपटी लावली आहे, महिनाभराने आकडे इथे देतो.

मसुदा

मोजमाप सुधारेल, पण मला वेगळीच गोष्ट खटकते. धागाकर्त्यांनी लिहिले आहे की सेवा ‘शीर्षक, लेखाचे पहिले वाक्य व दुवा’ उचलते. माझ्या मते दुखणे या वाक्यात आहे.

लेखाचे पहिले वाक्य हे ज्याने लेख उघडला आहे त्याच्यासाठी लिहिलेले असते. तो आलेला आहे, बसलेला आहे, त्याला हळूहळू आत नेता येते. समाजमाध्यमावरचा माणूस आलेला नसतो. त्याला थांबवायचे असते, आणि लेखाचे पहिले वाक्य हे काम क्वचितच करते. त्यातून ते अक्षरमर्यादेपाशी मध्येच तुटलेले आणि पुढे तीन टिंबे लागलेले असेल, तर यंत्राने टाकलेली नोंद म्हणून ती लांबूनच ओळखू येते. अशा नोंदीवर प्रश्न विचारावा असे कोणाला वाटत नाही, कारण उत्तर द्यायला पलीकडे कोणी नाही हे दिसत असते.

मी दुसऱ्या टोकाला जाऊन सगळे हाताने करून पाहिले आणि दोन महिन्यांत थकले. आता मी लेख लिहून झाला की तो प्रकाशित करण्याआधी त्याच बैठकीत प्रत्येक माध्यमासाठी दोन-तीन वाक्ये वेगळी लिहिते आणि ती लेखासोबतच्या एका स्वतंत्र रकान्यात ठेवते. सेवा तो रकाना उचलते, पहिले वाक्य उचलत नाही. दुवा लावणे, शेपटी लावणे, वेळ पाळणे, चित्र जोडणे ही सगळी हमाली यंत्राकडे आणि बोलणे माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. याला लेखामागे दहा-पंधरा मिनिटे लागतात.

वेगळी वाक्ये का लिहावीत, एकच चांगली नोंद सगळीकडे का चालू नये, असे मला अनेकदा विचारले जाते. मुख्य कारण असे की दुव्याची वागणूक प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. इन्स्टाग्रामच्या नोंदीखालील मजकुरातला दुवा क्लिक होतच नाही, त्यामुळे तिथे पत्ता चिकटवणाऱ्या स्वयंचलित नोंदी हास्यास्पद दिसतात. तिथे दुवा द्यायचा तर तो परिचयात द्यावा किंवा स्टोरीत चिकटपट्टीच्या (स्टिकरच्या) रूपाने द्यावा, आणि ती चिकटपट्टी २०२१ च्या ऑक्टोबरपासून सर्वांना खुली आहे. यूट्यूबने ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस शॉर्ट्सच्या वर्णनातील आणि प्रतिक्रियांतील दुवे निष्क्रिय केले. एक्सवर दुवा कितीही लांब असला तरी तो २३ अक्षरांचाच मोजला जातो. ब्लूस्काय या एक्ससारख्या माध्यमावर तर दुव्याचे कार्ड नोंद टाकणाऱ्या प्रणालीलाच तयार करून द्यावे लागते. सेवेने ते दिले नाही तर नुसता पत्ता लटकत राहतो.

शिवाय एका माध्यमावर @ लावून कोणाचा उल्लेख केला आणि तीच नोंद जशीच्या तशी दुसरीकडे गेली, तर तिथे त्याच नावाचे खाते भलत्याच व्यक्तीचे असू शकते. मी एकदा एका छायाचित्रकाराचे आभार मानले आणि दुसऱ्या माध्यमावर ते एका अनोळखी गृहस्थांना पोचले. त्यांनी फार सौजन्याने ‘मी छायाचित्रे काढत नाही’ असे कळवले.

एकटा_संपादक

मसुदाताईंचे म्हणणे तत्त्वतः पटते, परंतु ज्याला नोकरी सांभाळून संकेतस्थळ चालवायचे आहे त्याच्या दृष्टीने दोन शब्द लिहितो.

माझ्याकडे प्रकाशनाच्या दिवशी ती पंधरा मिनिटेसुद्धा नसतात. मी लेख रात्री उशिरा संपवतो, सकाळी सातची वेळ लावतो आणि झोपतो. यंत्राने टाकलेली कोरडी नोंद आणि काहीच नसणे, एवढे दोनच पर्याय माझ्यासमोर आहेत. त्यांतून मी कोरडी नोंद निवडतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. जे वाचक आधीपासून मला ओळखतात त्यांना ‘नवा लेख आला’ एवढे कळले की पुरते. वर्तमानपत्र दारात पडते तेव्हा ते टाकणारा मुलगा आतल्या मजकुराबद्दल काही बोलत नाही, तरी आपण ते उचलतोच.

गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाल्यावर अनेकांनी फीड वाचणे सोडले, आणि त्यांच्यासाठी टेलिग्राम किंवा मास्टोडॉनवरचे खाते हेच फीड झाले. अशा वाचकांना आकर्षक वाक्ये नको असतात, नियमितपणा हवा असतो. त्यामुळे वर्दी आणि संवाद ही दोन कामे वेगळी मानावीत, असे मी म्हणेन. वर्दीसाठी यंत्र पूर्णपणे योग्य आहे. यंत्राच्या वर्दीने नवे वाचक येतील ही आशा मात्र मी केव्हाच सोडली.

मसुदा

वर्दी आणि संवाद हा भेद मान्य. माझा आक्षेप नवे वाचक मिळवण्यासाठी वर्दीवर विसंबण्याला होता, आणि धागाकर्त्यांची अपेक्षा तीच होती. वर्दीचे खाते असे परिचयात स्पष्ट लिहिले तर कोरडेपणाची तक्रार उरत नाही, हेही मान्य.

रात्रपाळी

वळूनही न पाहणे हा भाग वाचून मला माझी एक रात्र आठवली. ती इथे लिहितो, म्हणजे निदान दुसऱ्या कोणावर ती वेळ येणार नाही.

आमचे संकेतस्थळ एचटीटीपीवरून एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर नेताना, म्हणजे सगळ्या पत्त्यांची सुरुवात बदलताना, मी डेटाबेसमध्ये ‘शोधा आणि बदला’ हा सरळसोट उपाय केला. सगळे पत्ते बदलले, पाने नीट उघडू लागली आणि मी समाधानाने झोपलो. फीडमधील प्रत्येक नोंदीला एक ओळखचिन्ह असते, जीयूआयडी म्हणतात ते, आणि वर्डप्रेसमध्ये ते दिसायला पत्त्यासारखेच असते. माझ्या ‘बदला’मध्ये तेही बदलले. दुवे टाकणारी सेवा नोंद नवी की जुनी हे त्या चिन्हावरूनच ठरवत होती. तिच्या दृष्टीने फीडमधल्या दहाही नोंदी नव्या होत्या. तिने त्या दहाही, चार माध्यमांवर, पहाटेच्या सुमारास एका दमात टाकल्या. त्यांत आधीच होऊन गेलेल्या एका कार्यक्रमाचे निमंत्रण होते आणि एका निधन झालेल्या सहकाऱ्याच्या सत्काराची बातमीही होती. चाळीस नोंदी मी एकेक करून पुसल्या, पण त्या सत्काराच्या बातमीखाली तोवर लोकांनी प्रश्न विचारले होते.

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. संकेतस्थळावर कोणतेही मोठे काम करण्यापूर्वी सेवा थांबवून ठेवतो आणि फीड डोळ्यांनी तपासल्यावरच पुन्हा सुरू करतो. एका दिवसात तीनपेक्षा अधिक नोंदी जाऊ नयेत अशी मर्यादा सेवेत लावली आहे. प्रकाशन आणि वर्दी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवले आहे, कारण चुका प्रकाशित झाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतच दिसतात, त्याआधी कितीही वाचले तरी दिसत नाहीत.

या अर्ध्या तासाचा आणखी एक फायदा पुढे लक्षात आला. फेसबुक एखादा दुवा प्रथम पाहते तेव्हा त्यातले चित्र आणून तपासते आणि तेवढ्यात पहिली नोंद चित्राविना निघून जाऊ शकते. स्वयंचलित व्यवस्थेत दुवा प्रथम टाकणारे आपले यंत्रच असते, त्यामुळे आपलीच नोंद नेमकी उघडीबोडकी राहते. पानाच्या ओपन ग्राफ माहितीत (कार्ड कसे दिसावे हे माध्यमांना सांगणाऱ्या नोंदींत) चित्राची रुंदी आणि उंची नोंदवली की हे टळते. फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या दुवे तपासण्याच्या साधनात दुवा आधी एकदा फिरवून घेतला तरी चालते. मधल्या अर्ध्या तासात मी तेच करतो. चित्र १२०० बाय ६३० ठेवावे.

अवांतर: दोन सेवा एकमेकींकडे तोंड करून कधीही लावू नयेत. एक्सवरची नोंद मास्टोडॉनवर आणि मास्टोडॉनवरची एक्सवर, असे दोन वेगवेगळ्या साधनांनी जोडले तर तीच नोंद चेंडूसारखी फिरत राहते.

अक्षरजुळणी

आपण सारे देवनागरीत लिहितो, त्यामुळे या सेवांच्या काही खोडी आपल्यालाच भोगाव्या लागतात आणि इंग्रजीतील मार्गदर्शनात त्यांचा उल्लेखही नसतो.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोड या संगणकीय लिपिमानकाच्या हिशेबात ते सात संकेत आहेत, आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक संकेताला तीन याप्रमाणे एकवीस बाइट होतात. एक्सवर हा शब्द सात अक्षरांचा मोजला जातो, कारण तिथे काना, वेलांटी आणि हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. म्हणून २८० ची मर्यादा मराठीत वाटते त्यापेक्षा खूप लवकर संपते, आणि सेवेने संकेत मोजून मजकूर कापला तर कात्री जोडाक्षराच्या मधोमध चालून शेवटी लोंबणारा हलन्त राहतो. ब्लूस्काय ३०० दृश्य अक्षरे मोजते, त्यामुळे तिथे मराठीला अधिक जागा मिळते. तिथली गंमत वेगळी आहे. मजकुरातला कोणता भाग दुवा आहे हे तिथे बाइटांच्या क्रमांकांनी सांगावे लागते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्याने बाइटांऐवजी अक्षरे मोजणारी सदोष प्रणालीही बरोबर चालते. मराठीत मात्र निळा दुवा भलत्याच शब्दाखाली उमटतो. सेवा निवडताना मराठी वाक्याच्या शेवटी दुवा देऊन एक चाचणी नोंद अवश्य टाकून पाहावी.

पत्त्यांचेही तसेच आहे. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर प्रवासात प्रत्येक संकेताची नऊ चिन्हे होतात. ‘धूमकेतू’ एवढ्या एका शब्दाची ६३ चिन्हे! वर्डप्रेस पत्त्याच्या या भागासाठी २०० चिन्हांची मर्यादा पाळते, म्हणजे जेमतेम बावीस संकेत, आणि मराठी शीर्षक तीन-चार शब्दांतच कापले जाते. खासगी संदेशात चिकटवल्यावर तो पत्ता टक्केचिन्हांची माळ दिसतो आणि लोक त्यावर क्लिक करायला बिचकतात. मी पत्ते रोमन लिपीत आणि आखूड ठेवतो. हा भाषेशी द्रोह आहे असे एका मित्राने सुनावले आहे, पण लेख मराठीतच आहे आणि वाचला जावा अशी माझी इच्छा आहे.

दुवा आखूड करणाऱ्या परक्या सेवा मात्र टाळाव्यात. गूगलने स्वतःच्या अशा सेवेत नवे दुवे बनवणे २०१९ मध्ये बंद केले आणि पुढे जुने दुवेही निकामी करण्याची घोषणा केली होती. ओरड झाल्यावर वापरात असलेल्या दुव्यांना अभय मिळाले. आपल्या चार वर्षांच्या नोंदी दुसऱ्याच्या मर्जीवर कशाला ठेवायच्या?

जुनाजाणता

धागाकर्ते आकाशाची छायाचित्रेही काढत असावेत. ती ते आधी इन्स्टाग्रामवर टाकतात की संकेतस्थळावर, हे विचारायचे राहिले होते. स्वतंत्र संकेतस्थळे चालवणाऱ्यांत दोन पद्धती रूढ आहेत, त्यांना पॉसी आणि पेसोस अशी लघुनावे आहेत. पहिलीत आधी स्वतःच्या स्थळावर प्रकाशित करून प्रती इतरत्र पाठवतात, दुसरीत इतरत्र टाकलेले मागाहून स्वतःच्या स्थळावर ओढून आणतात. वाचक संकेतस्थळाकडे यावेत असे वाटत असेल तर पहिलीच पद्धत उपयोगी, कारण तीत दाखवायला मूळ ठिकाण असते. दुसरीत मूळ वस्तू परक्या जागी आणि नक्कल आपल्या घरी, अशी उलटी स्थिती होते आणि शोधयंत्रेही गोंधळतात.

पहिल्या पद्धतीत प्रतिसाद मात्र बाहेरच विखुरतात. ते मूळ लेखाखाली परत आणण्यासाठी वेबमेन्शन नावाचे मानक २०१७ मध्ये संमत झाले, आणि पुढच्याच वर्षी संमत झालेल्या ॲक्टिव्हिटीपबमुळे संकेतस्थळालाच मास्टोडॉनवरील खात्यासारखे अनुसरता येते. वर्डप्रेससाठी त्याचे प्लगिन आहे. मग मध्ये दुवे टाकणारी सेवाच लागत नाही.

नभोवाचक

महिना झाला, म्हणून सांगितल्याप्रमाणे लिहितो.

सर्व दुव्यांना शेपटी लावल्यावर ‘थेट’ रकाना बराच आटला. मास्टोडॉनवरून येणारे वाचक टेलिग्रामच्या जवळपास निघाले, म्हणजे तिथली वर्दी वर्षभर काम करीत होती आणि मला दिसत नव्हती. फेसबुकचे पान मात्र खरोखरच निष्फळ आहे. लिंक्डइनवर आकाशनिरीक्षणाला कोणी वाली नाही, आणि ते मला आधीच कळायला हवे होते.

एकटा_संपादक यांचा भेद मी जसाच्या तसा स्वीकारला आहे. टेलिग्राम आणि मास्टोडॉनवर कोरडी वर्दी पूर्वीसारखीच जाते, आणि तसे परिचयात लिहिले आहे. लिंक्डइन बंद केले. फेसबुकवरील स्वयंचलित वर्दी थांबवून त्याऐवजी महिन्यातून दोनदा, निवडक लेखांबद्दल, मी स्वतः एका आकाशनिरीक्षकांच्या गटात लिहितो आणि प्रश्नांना उत्तरे देतो. ग्रहणाच्या वेळा कशा काढतात यावरच्या एका जुन्या लेखाबद्दल तिथे लिहिले, तर त्या एका नोंदीतून आलेले वाचक पानावरच्या वर्षभराच्या नोंदींपेक्षा अधिक निघाले. तो लेख दोन वर्षांपूर्वीचा होता आणि तेव्हा यंत्राने त्याची वर्दी रीतसर दिली होती.

एक्सचे काय करावे हे अजून ठरत नाही. मसुदाताईंच्या सांगण्याप्रमाणे वेगळा रकाना केला आहे, पण तिथे लिहायला बसलो की लेखाचे पहिले वाक्यच पुन्हा सुचते. जुनाजाणता यांनी विचारलेल्या छायाचित्रांबाबत कबूल करतो की ती आजवर आधी इन्स्टाग्रामवरच गेली. आता क्रम उलटा केला आहे.

एक अडचण नवी आहे. इन्स्टाग्रामची जोडणी नीट लावली होती, तरी गेल्या आठवड्यापासून तिथे काहीच जात नाही. काही चुकल्याचा संदेशही येत नाही, सेवा ‘सर्व ठीक’ असे दाखवते.

आकडेमोड

जोडणी लावून साठ दिवस होत आले आहेत का, ते पाहावे. इन्स्टाग्रामचे दीर्घ मुदतीचे टोकन, म्हणजे सेवेला आपल्या खात्यावर नोंदी टाकू देणारा परवाना, ६० दिवसांत संपते, आणि सेवेने त्याआधी त्याचे नूतनीकरण केले नाही तर नोंदी मुकाट्याने थांबतात. खाते पुन्हा जोडले की सुरू होईल.

नभोवाचक

इन्स्टाग्रामची जोडणी मी प्रयोग म्हणून धागा काढण्याच्या महिनाभर आधी केली होती हे आता आठवले, म्हणजे हिशेब बरोबर साठाच्या आसपास बसतो. पुन्हा जोडले आणि थांबलेली छायाचित्रे जाऊ लागली. एकदम सहा गेली. रात्रपाळी यांची दिवसाला तीनची मर्यादा लावायची राहून गेली होती.